सोडतीचा न्याय

निवडणुकीत दोन उमेदवारांना अगदी सारखी मते पडली, तर निर्वाचन अधिकाऱ्याने तेथल्या तेथे चिठ्ठी टाकावी आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत अधिक पडले असे समजावे, अशी तरतूद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. ह्या तरतुदीतील ‘समजावे’ हा शब्द मोठा मार्मिक आहे. विजयी उमेदवार पराभूत उमेदवाराहून अधिक लायक आहे, असे कायदा म्हणत नाही. त्याला खरोखरच कोणी अधिक मत दिले असेही म्हणत नाही. आणि तरीही हरलेला मनुष्य हा निकाल मान्य करून घरी जातो, कारण चिठ्ठी उचलणारा हात निःपक्षपाती होता एवढी त्याची खात्री असते. आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीत एकाने वाटे करावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावे अशी जुनी रीत होती. तिच्या मुळाशी हीच समजूत आहे. पद्धत चोख असली की पदरात पडेल ते न्याय्य मानायचे.

उमेदवार स्वतःहून निवडणुकीस उभा राहिलेला असतो आणि वाटणीला बसलेला भाऊ सज्ञान असतो. परंतु जिच्यात भाग घेण्यास कोणी विचारले नाही, जिचे तिकीट आपण काढले नाही आणि जिचा निकाल मात्र जन्मभर भोगावयाचा आहे, अशी सोडत असेल तर? ती निःपक्षपाती होती एवढ्यावर समाधान मानता येईल काय? अशी एक सोडत प्रत्येक मनुष्याच्या जन्मापूर्वी होऊन गेलेली असते.

ती ज्यांच्यामध्ये होते त्या सूत्रांना मराठीत पूर्वी ‘रंगसूत्रे’ म्हणत. पुढे ‘गुणसूत्रे’ हा शब्द रूढ झाला. मला पहिला शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. कील येथील विद्यापीठात वाल्थर फ्लेमिंग ह्या शास्त्रज्ञाने सॅलमँडर नावाच्या प्राण्याच्या पेशी रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पेशीच्या केंद्रातील जो भाग तो रंग उत्सुकतेने पिऊन घेत होता, त्याचेच विभाजनाच्या वेळी धागे बनलेले त्याला दिसले. त्याचा ग्रंथ १८८२ साली निघाला आणि १८८८ मध्ये वाल्डायर ह्याने त्या धाग्यांना ‘रंग घेणारी शरीरे’ ह्या अर्थाचे ग्रीक नाव दिले. दिसले तेवढेच सांगणारे हे नाव आहे. ‘गुणसूत्र’ हा शब्द मात्र आधीच निकाल देऊन टाकतो. जणू मनुष्याचे सगळे गुण ह्या धाग्यांतच ओवलेले आहेत! असो. शब्द रूढ झाला आहे आणि मीही तोच वापरणार आहे. पाहणाऱ्याच्या प्रामाणिकपणालाही मर्यादा असतात, हे मात्र येथे नमूद केले पाहिजे. मनुष्याच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे १९२० नंतरच्या दशकापासून सर्वमान्य होते आणि पुढची तीसएक वर्षे पाहणाऱ्यांना ती ४८ च दिसत राहिली. ती ४६ आहेत, हे चिओ आणि लेव्हान ह्यांनी १९५६ साली दाखवून दिले.

पेशीचे विभाजन दोन प्रकारचे असते. पहिल्यात केवळ नक्कल होते. प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत आधी तयार होते. मूळ आणि प्रत एकमेकांना बिलगून असतात. मग सारी गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर ओळीने येतात, चरख्याच्या चातीसारख्या आकाराची तंतूंची एक रचना दोन्ही टोकांकडून त्यांना धरते, आणि जोडीतील एक इकडे, एक तिकडे अशी ती ओढली जातात. दोन पेशी होतात आणि दोहींच्या दप्तरात तेच कागद असतात. आपले शरीर ह्याच रीतीने वाढते.

महाराष्ट्रातील वाचकाला ह्याचे उदाहरण शेतात मिळेल. ऊस आपण बियांनी लावत नाही, कांड्यांच्या बेण्याने लावतो. को ७४० चे बेणे लावले तर को ७४० च येतो, को ८६०३२ चे लावले तर तोच; खोडवा ठेवला तरी तोच. ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण उसाइतकी दुसऱ्या कोठल्याही पिकाला तंतोतंत लागू पडत नसेल, कारण तेथे पेरणीच नसते, नक्कल असते. आपल्या शेतकऱ्याला उसाला आलेला तुरा आवडत नाही, कारण तुरा आला की वाढ थांबते. परंतु त्या तुऱ्यातील बी जर रुजवले, तर एकाच तुऱ्यातून एकमेकांशी न जुळणारी रोपे निघतील: एक जाड, एक बारीक, एक गोड, एक निव्वळ गवत. कोईमतूर येथे १९१२ साली ऊस-पैदास केंद्र काढले गेले, ह्याचे एक मोठे कारण हे की तेथील हवेत उसाला तुरा येतो आणि बीही धरते. शेतकरी ज्याला नुकसान म्हणतो, तेच पैदासकाराचे भांडवल.

बीजपेशी तयार होताना जे दुसऱ्या प्रकारचे विभाजन होते, तीच आपली सोडत. येथे आईकडून आलेले आणि बापाकडून आलेले सजातीय गुणसूत्र एकमेकांना शोधून काढतात, शेजारी शेजारी निजतात, आणि जागोजागी तुटून आपले तुकडे परस्परांत बदलतात. नंतर जोड्या फुटतात. कोणत्या जोडीतील कोणते सूत्र कोणत्या बाजूला जाईल हे केवळ यदृच्छेवर अवलंबून असते, आणि एका जोडीचा निकाल दुसरीला बांधत नाही. २३ जोड्यांच्या वाटणीचे प्रकार होतात ८३,८८,६०८. हे एका बीजपेशीचे. आईबापांचे दोन्ही मिळून ही संख्या ७० लक्ष कोटींवर जाते, आणि तुकड्यांची अदलाबदल ह्यात धरलेलीच नाही. ‘आमच्या घराण्याचे नाक’ किंवा ‘आमचे कुल’ असे आपण अभिमानाने म्हणतो तेव्हा हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अखंड असे काहीच खाली उतरत नाही. दर पिढीला पत्ते पिसले जातात.

ह्या वाटणीतील शिस्त पाहून मन थक्क होते. गुणसूत्र चातीच्या तंतूंना नीट जोडले गेले आहे की नाही, हे पेशीला कसे कळते? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ब्रूस निक्लास ह्यांनी नाकतोड्याच्या जिवंत पेशीत अतिसूक्ष्म सुई घालून गुणसूत्रे हळूच ओढून पाहिली. दोन्ही बाजूंचा ताण असला की जोड पक्का राहतो. एकाच बाजूला चुकीने जोडलेले सूत्र सुटून पुन्हा प्रयत्न करते. आणि तेच सूत्र सुईने ताणून धरले, तर चुकीचा जोडही टिकून राहतो! म्हणजे पेशी ताण ओळखते. पुढे १९९१ साली यीस्टमध्ये ह्या पहाऱ्यातील जनुके सापडली. सर्व गुणसूत्रांची व्यवस्था लागली आणि एक मात्र बाजूला राहिले, तर तेवढे एक सूत्र विभाजन थांबवून धरते. बाकीची ४५ आपापल्या जागी ताठ उभी असतात आणि एकाची वाट पाहतात. आपल्या कार्यालयांत उलट पाहावयास मिळते. कोरम पूर्ण झाला की गैरहजराची वाट कोण पाहतो?

ज्या चेन्नई शहरात राहून मी हे लिहीत आहे, त्या शहराचा ह्या विषयाशी मोठा जवळचा संबंध आहे. शहराच्या पश्चिमेस पूनमल्ली रस्त्यावरील मदुरवायल येथे मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची क्षेत्रीय प्रयोगशाळा होती. तेथे १९७० पासून १९८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ई. के. जानकी अम्माळ काम करीत होत्या. तेल्लिचेरीस १८९७ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षण मद्रासच्या क्वीन मेरीज आणि प्रेसिडेन्सी महाविद्यालयांत. पुढे मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट, कोईमतूरच्या ऊस-केंद्रात पाचएक वर्षे नोकरी, आणि मग इंग्लंड. तेथे डार्लिंग्टन ह्यांच्यासमवेत त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश रचला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वस्वी गणनेचे, डोळे शिणवणारे काम. वनस्पतीमागून वनस्पती घ्यावी, तिची पेशी विभाजनाच्या ऐन क्षणी गाठावी आणि सूत्रे मोजावीत. आयुष्यभर कोष्टके भरणाऱ्या आम्हा मंडळींना त्यांच्याविषयी आपलेपणा वाटावा, ह्यात नवल नाही. त्यांनी कोल्चिसीन हे विषही वापरले. ते चातीचे तंतू बनूच देत नाही. प्रती तयार होतात, वाटणी मात्र होत नाही, आणि दुप्पट गुणसूत्रांची पेशी तयार होते. मॅग्नोलियाच्या रोपांवर त्यांनी हा प्रयोग केला आणि त्या झाडाच्या एका प्रकारास त्यांचे नाव लाभले. हेच कोल्चिसीन आपल्या कळलावीत असते. तमिळनाडूने ज्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे ते सेंगांदळ म्हणजे आपली कळलावीच. बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरीत, त्यावरून हे नाव पडले असे म्हणतात. सख्ख्या जोडीदारांची वाटणी मोडून टाकणाऱ्या वनस्पतीचे मराठी नाव कळलावी असावे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

जानकी अम्माळांच्या उसाकडेच पुन्हा वळतो. कारण वाटणी न्याय्यच होते हा समज तेथे ढळतो. जाड, गोड, लागवडीच्या उसात ८० गुणसूत्रे असतात. कोईमतूरच्या रानटी बारीक उसात ६४. दोघांच्या संकरात ४० अधिक ३२ म्हणजे ७२ यावीत. प्रत्यक्षात येतात ११२! मातेने आपला अर्धा वाटा न देता सगळीच्या सगळी ८० सूत्रे पुढे केलेली असतात. उत्तर हिंदुस्थानातील शेतीचे रूप पालटून टाकणारा को २०५ असाच जन्मास आला. तेव्हा, समान वाटणी हा निसर्गाचा अटळ नियम नव्हे. तो बहुधा पाळला जाणारा संकेत आहे, आणि तो मोडल्याने प्रत्येक वेळी अनर्थच होतो असेही नाही.

संकेत आला की लबाडीही आली. फळमाशीच्या काही नरांत एक गुणसूत्र असे असते की ते आपल्या जोडीदाराला वाहून नेणाऱ्या बीजपेशीच निकामी करून टाकते. मग निम्म्याऐवजी शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक संततीत तेच उतरते. हे १९५९ साली प्रसिद्ध झाले. ह्या लबाडीपासून माशीला लाभ काहीच नाही. उंदरांत, मक्यात असेच प्रकार आहेत. अशा लबाडांना आवर बसतो तोही कोणाच्या सदाचाराने नव्हे. बाकीच्या साऱ्या जनुकांचे हित त्यांना आवर घालण्यात असते म्हणून. हे सांगण्याचे कारण असे की, निसर्गात समता दिसली की तिला नीती म्हणण्याचा मोह आपल्याला फार होतो. पेशी एकासाठी थांबते ती करुणेने नव्हे. शिवाय तिच्या थांबण्यालाही अंत आहे. फार वेळ गेला तर ती एक तर मरते, नाही तर त्या चुकीसह पुढे निघून जाते. निसर्गाकडून आपल्याला नीतीचा धडा मिळत नाही. वस्तुस्थिती मिळते, आणि तिच्यामुळे काही खोट्या समजुती मात्र गळून पडतात.

त्यांपैकी एक समजूत फार क्रूर आहे. पॅरिसमध्ये लेजून, गोतिये आणि त्युर्पां ह्यांनी १९५९ साली जाहीर केले की, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रे असतात. एकविसावे सूत्र दोनाऐवजी तीन. वाटणीच्या वेळी एक जोडी फुटली नाही, एवढेच घडलेले असते. सात-आठशे जन्मांत साधारण एकदा असे होते. अशा मुलाच्या आईला आपल्या समाजात काय काय ऐकावे लागते, हे मी येथे विस्ताराने सांगावयास नको. ग्रहणात भाजी चिरलीस. डोहाळ्यांकडे लक्ष दिले नाहीस. तुझ्या माहेरच्या रक्तातच काही असेल. आणि शेवटी, ज्यावर उत्तरच नाही असे, पूर्वजन्मीचे. ‘जसे कर्म तसे फळ’ ह्या सूत्रात एक गृहीत लपलेले आहे: फळ दिसले की कर्ता असलाच पाहिजे. न्यायबुद्धी म्हणून जी आपण गौरवतो तिचीच ही विकृती होय. दुःख विनाकारण असू शकते हे मनाला सोसत नाही. मग अपराध्याचा शोध सुरू होतो आणि सर्वांत जवळची, सर्वांत थकलेली व्यक्ती सापडते.

वस्तुस्थिती काय आहे? अधिकचे सूत्र बहुतेक वेळा आईच्या बीजांडातून येते हे खरे. परंतु ते बीजांड बनले केव्हा? स्त्रीची सारी बीजांडे ती स्वतः गर्भात असतानाच तयार होतात. त्यांतील वाटणीला तेव्हाच आरंभ होतो, गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकांना बिलगतात, तुकडे बदलतात, आणि मग सारे काम तेथेच थांबते. पंधरा वर्षे, तीस वर्षे, चाळीस वर्षे. ते बीजांड पक्व होईल तेव्हाच वाटणी पुढे सरकते. सूत्रांना बांधून ठेवणारी प्रथिनांची कडी तोवर झिजलेली असतात. ती पुन्हा नवी घातली जात नाहीत, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. बीजांडातील पहाराही इतर पेशींतल्याहून ढिला असतो. म्हणूनच विशीतल्या मातेच्या बाबतीत दीड हजारांत एक असणारे हे प्रमाण चाळिशीत शंभरांत एकापर्यंत येते. मातेचे वय वाढले की हे वाढते, पित्याच्या वयाचा त्याच्याशी स्वतंत्र संबंध नाही, हे पेनरोझ ह्यांनी इंग्लंडात १९३३ सालीच, कारण ठाऊक होण्याच्या सव्वीस वर्षे आधी, आकड्यांनी दाखवले होते. ज्या गाठीविषयी आपण सुनेला जाब विचारतो, ती गाठ सुनेच्या आईच्या पोटात, सून अजून जन्मलीही नव्हती तेव्हा, बांधली गेलेली असते. तेथे कोणता अपराध आणि कोणाचा?

येथवर बहुतेक सुशिक्षित वाचक माझ्याशी सहमत होतील. पुढचे पाऊल मात्र अवघड आहे. ज्याला प्रतिकूल चिठ्ठी निघाली तो जर दोषी नाही, तर ज्याला अनुकूल चिठ्ठी निघाली तो गुणी कसा? परीक्षेत वर येणारे आपले मूल, त्याची तल्लख स्मरणशक्ती, निरोगी डोळे, ह्यांतील जेवढा भाग सोडतीचा आहे तेवढ्यावर आपला हक्क कशाने सिद्ध होतो? श्रमाचे श्रेय मी नाकारीत नाही. पण श्रम करण्याचे सामर्थ्यसुद्धा काही अंशी वाट्याला आलेलेच असते. आणि हे जर खरे, तर ज्यांचा वाटा उणा पडला त्यांच्यासाठी आपण जे करतो ते दान ठरत नाही. वाटणीत राहून गेलेला हिशेब पुरा करणे एवढेच ते असते.

हा प्रश्न आपल्यासारख्या परमुलखात बदलून जाणाऱ्या नोकरवर्गापुढे फार रोखठोक स्वरूपात येतो. दिव्यांग अपत्याचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास नेहमीच्या बदल्यांतून, प्रशासकीय अडचणी नसतील तर, सूट द्यावी असा आदेश जून २०१४ मध्ये निघाला. कारण उघड आहे: असे मूल एका शाळेला, एका शिक्षिकेला, एका भाषेला मोठ्या कष्टाने सरावलेले असते. मराठी बोलू लागलेले मूल उचलून तमिळ मुलखात आणणे म्हणजे त्याच्या चार वर्षांच्या कमाईवर पाणी ओतणे होय. परंतु बदल्यांच्या यादीतून एखादे नाव गाळले गेले की कार्यालयात कुजबूज होतेच. ‘आमच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील आहेत, ते कोठे मोजता?’ हा आक्षेप क्षुद्र आहे असे मी म्हणणार नाही. एकाला सूट म्हणजे दुसऱ्याला फेरा, हे जागांच्या संख्येवरून ठरलेलेच आहे. मला एवढेच दिसते की आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे ‘त्याला सूट नको’ असे नसते. ‘माझ्याही वाट्याचा विचार व्हावा’ असे असते, आणि ते वरच्या तत्त्वाला धरूनच आहे. ह्या दोहोंत गल्लत झाली की एक दुःखी मनुष्य दुसऱ्या दुःखी मनुष्याचा वैरी होतो, आणि नियम करणारे स्वस्थ राहतात.

विज्ञानाने आईवरचा आरोप पुसला असे वर म्हटले. पण आता तो दुसऱ्या दाराने परत येत आहे. आईच्या रक्ताच्या नमुन्यावरून गर्भातील गुणसूत्रांचा अदमास घेणारी चाचणी २०११ पासून उपलब्ध झाली. गर्भात मोठे वैगुण्य असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर गर्भपातास आठवड्यांची मर्यादा आड येणार नाही, असे आपल्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने आले. ह्या सोयी असू नयेत असे मी म्हणत नाही. ज्यांना तो भार पेलणार नाही त्यांच्यावर तो लादण्याचा अधिकार मला कोणी दिला? तथापि जेथे सोडत होती तेथे निवड आली, आणि निवड आली की जाब विचारणारे आले. पूर्वी विचारीत, ‘गेल्या जन्मी काय केलेस?’ आता विचारतात, ‘चाचणी का केली नाहीस?’ जिने चाचणी केली आणि जाणूनबुजून मूल ठेवले, तिला तर मदत मागण्याचा हक्कच उरत नाही, अशा थाटात लोक बोलतात. मला ह्या दुसऱ्या प्रश्नाचे भय अधिक वाटते, कारण तो अंधश्रद्धेसारखा दिसत नाही. तो सुज्ञपणाचा वेष घेऊन येतो.

अशी मुले आता फार जगतात. पाश्चात्त्य देशांत १९६० च्या सुमारास त्यांचे सरासरी आयुष्य दहाएक वर्षांचे होते. आज ते साठीच्या घरात आहे. हृदयावरील शस्त्रक्रियांचा ह्यात मोठा हात आहे. त्यामुळे आईबापांपुढचा प्रश्न उलटला: मूल किती जगेल, हे राहिले नाही, आपल्यामागे ते कोणाच्या आधारावर जगेल, हे आले. केंद्रीय निवृत्तिवेतनाच्या नियमांत, उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यास कुटुंब-निवृत्तिवेतन हयातभर मिळते, आणि त्यासाठीची उत्पन्नाची अट २०२१ साली बरीच सैल करण्यात आली. कुटुंबाच्या तपशिलाच्या तक्त्यात त्या मुलाचे नाव आणि अपंगत्वाची नोंद नोकरीत असतानाच करून ठेवता येते. ती राहून गेली, तर आईबापांच्या मागे त्या मुलासाठी दुसऱ्या कोणाला तरी दाखले गोळा करीत हिंडावे लागते, आणि असे दाखले मागणाऱ्या टेबलांच्या अलीकडच्या बाजूला आपल्यापैकीच कोणी तरी बसलेला असतो.